पट्ट्यावर फिरणारा रेकॉर्ड प्लेअर: मांडणी, निगा आणि घरच्या घरी दुरुस्ती

माझ्या मावसभावाने न्यू जर्सीतलं घर आवरून परत येताना तिकडचा रेकॉर्ड प्लेअर सोबत आणला. तिकडे विजेचा दाब १२० व्होल्ट, इकडे २३०, एवढं ठाऊक असल्यामुळे त्याने स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरही घेतला. सगळं नीट जोडून नाट्यपदांची एलपी लावली, तर गायक तापाने फणफणल्यासारखा आळसावून गात होता. थाळी फिरवणारा रबरी पट्टा सैल झाला असेल म्हणून भावाने नवा मागवला. फरक नाही. मग दुसऱ्या दुकानातून आणखी एक आणला, तरी तेच. तेव्हा मला फोन आला.

मी गेलो आणि त्याच्याकडची बाजाची पेटी उघडली. त्याच पदाचं तेच ध्वनिमुद्रण फोनवर काळी एकमध्ये वाजत होतं आणि प्लेअरवर काळी पाचमध्ये, म्हणजे पेटीवर तब्बल तीन पट्ट्या खाली. पट्टा थोडाफार घसरला तर इतका फरक पडत नाही. हे प्रकरण विजेच्या आवर्तनांचं होतं. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, आपल्याकडे ५० हर्ट्झची. त्या प्लेअरची मोटर सिंक्रोनस, म्हणजे तिचा वेग विजेच्या आवर्तनांनाच बांधलेला. मिनिटाला ३३⅓ फेऱ्या घ्यायच्या तिथे थाळी जेमतेम पावणेअठ्ठावीस घेत होती. ट्रान्सफॉर्मर दाब उतरवतो, आवर्तनं बदलत नाही. शेवटी ५० हर्ट्झची, थोड्या मोठ्या व्यासाची पुली, म्हणजे मोटरवरची पट्टा फिरवणारी चाकी, बसवली आणि गायक खडखडीत बरा झाला. दोन पट्ट्यांचे पैसे मात्र गेले.

ही गोष्ट आधी सांगितली, कारण या यंत्राच्या बाबतीत बहुतेक जण अशीच चूक करतात. जे सहज बदलता येतं ते आधी बदलतात. मी खालून वर जातो. आधी टेबल, मग थाळी, पट्टा आणि वेग, त्यानंतर पिन धरणारा आर्म आणि पिन, आणि सगळ्यात शेवटी वायरी. खालचं चुकलं असेल तर वरचं कितीही बारकाईने जुळवा, व्यर्थ. पुढचं सगळं याच क्रमाने लिहिलं आहे.

पट्टा कशाला लागतो

मोटर थरथरते, आणि पिन तर तबकडीवरच्या केसाहून बारीक हालचाली टिपायला बसवलेली असते. मोटर थेट थाळीला जोडली की ही थरथर पिनेपर्यंत पोचते आणि स्पीकरमधून घरघर होऊन बाहेर पडते. म्हणून मोटर एका कडेला ठेवायची आणि रबराच्या पट्ट्याने थाळी फिरवायची. पट्टा थरथर गिळतो आणि जड थाळी वेगातले चढउतार सपाट करते. अमेरिकेत एडगर विल्चर यांनी १९६१ साली अकूस्टिक रिसर्च कंपनीचा एक्सए हा प्लेअर याच तत्त्वावर काढला. त्यात थाळी आणि आर्म एकाच चौकटीवर बसवून ती चौकट स्प्रिंगांवर टांगली होती. पुढे थोरेन्स, लिन वगैरेंनी हीच वाट धरली. १९७० मध्ये टेक्निक्सने एसपी-१० आणून मोटर थेट थाळीखाली बसवली. कोणतं चांगलं यावर वाद घालणारे आजही घालतात. मला विचाराल तर घरी स्वतः उघडून नीट करता येतो तो पट्ट्याचाच.

जागा आणि पाणसळ

स्पीकर आणि प्लेअर एकाच टेबलावर ठेवू नका. स्पीकर हादरतो, त्याबरोबर टेबल आणि पिनही. ती थरथर पुन्हा ॲम्प्लिफायरमध्ये जाते आणि आवाज वाढवला की ‘घोंऽऽ’ सुरू होतं. जुन्या वाड्यात लाकडी पाटणीवर प्लेअर असेल, तर कुणी पायऱ्या चढून आलं तरी पिन उडी मारते. तिथे टेबलापेक्षा भिंतीत ठोकलेली फळी कितीतरी बरी.

मग पाणसळ घ्या. गवंड्याची लांब पट्टी नको, बुडबुड्याची छोटी गोल मिळते ती पुरे. थाळीवर मधोमध, मग कडेला, असं चार ठिकाणी पाहा. प्लेअरचे पाय फिरवून उंची बदलता येत असेल तर छानच, नाहीतर पायाखाली पुठ्ठ्याचा तुकडा. फोनमधलं लेव्हलचं ॲपही कामचलाऊ आहे, पण फोनच्या पाठीवर कॅमेऱ्याचा उंचवटा असतो आणि तो फसवतो. मी एकदा त्या उंचवट्याच्या भरवशावर प्लेअर चांगला तिरका करून ठेवला होता.

स्प्रिंगवाला जुना प्लेअर असेल तर वाहतुकीसाठी आवळलेले स्क्रू आधी सैल करा. ते तसेच राहिले की स्प्रिंग असून नसल्यासारख्या.

थाळी आणि पट्टा

बहुतेक प्लेअरांत दोन थाळ्या असतात. आत एक लहान, जिच्याभोवती पट्टा बसतो, आणि तिच्यावर मोठी, जिच्यावर तबकडी ठेवतो. काही स्वस्त प्लेअरांत एकच थाळी असते आणि पट्टा तिच्या खालच्या कड्याभोवती असतो. अशा थाळीला वरून एक खिडकी दिलेली असते. खिडकी मोटरच्या समोर आणायची, आत बोट घालून पट्टा ओढायचा आणि पुलीवर चढवायचा. पट्ट्याला बऱ्याचदा ओढायला एक रिबीन बांधलेली येते. काम झालं की ती काढायची असते. लोक विसरतात आणि मग थाळी दर फेरीला ‘टक्’ करते.

पट्टा बसवण्यापूर्वी पुली आणि लहान थाळीची कड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. जुना पट्टा वितळून काळा डांबरासारखा चिकटला असेल तर कापसाच्या काड्यांची अर्धी डबी संपेल आणि बोटं दोन दिवस काळी राहतील. पण हा लेप पुलीवर थोडाही उरला तर तिचा व्यास वाढतो आणि वेग बदलतो, म्हणून कंटाळा नको. नवा पट्टा हाताळण्याआधी हात साबणाने धुवा. भज्यांच्या तेलाचे हात पट्ट्याला लागले की तो घसरलाच समजा. चढवताना पट्ट्याला पीळ पडू देऊ नका. थाळी हाताने दहा-बारा वेळा फिरवा, तो आपला आपण मध्ये येऊन बसतो.

नवा पट्टा मॉडेल क्रमांक सांगून मागवणं उत्तम. क्रमांक मिळत नसेल तर दोरा पुली आणि लहान थाळीभोवती पट्ट्याच्या वाटेने गुंडाळा आणि लांबी मोजा. पट्टा त्याहून साधारण पाच टक्के लहान हवा. फार घट्ट पट्टा मोटरच्या बेअरिंगवर ताण आणतो आणि तिची घरघर पिनेपर्यंत पोचवतो. रुंदी आणि जाडी जुन्या पट्ट्याइतकीच हवी, आणि चपट्याच्या जागी गोल पट्टा चालत नाही.

सैल पट्टा उकळत्या पाण्यात टाकून आखडवायची युक्ती बरेच जण सांगतात. मीही करून पाहिली आहे, आठवडाभर टिकली. बिनवासाची टाल्कम पावडर अगदी चिमूटभर लावली तर चिकट झालेला पट्टा थोडा सुधारतो, पण तेही तात्पुरतंच. पट्टा म्हणजे चपलेसारखा, झिजला की बदलायचा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात खिडकीजवळ ठेवलेल्या प्लेअरचा पट्टा लवकर जातो. महिनोन्महिने वापरणार नसाल तर काढून पिशवीत घालून ठेवा, नाहीतर पुलीवर ताणून बसल्या जागी तो वाकडा आकार धरतो.

वेग मोजणं

इथे पैसे खर्च करायची गरज नाही. थाळीच्या कडेला पांढऱ्या कागदाचा छोटा तुकडा चिकटवा, तबकडी ठेवून पिन लावा (पिनेच्या ओढीने वेग किंचित उतरतो, म्हणून रिकामी थाळी मोजू नका) आणि फोनवर तीन मिनिटं लावा. ३३⅓ च्या वेगाला तीन मिनिटांत बरोबर १०० फेऱ्या होतात. ९९ झाल्या तर वेग एक टक्क्याने कमी. एवढं अनेकांच्या कानाला कळणारही नाही. ९५ झाल्या तर मात्र गाणं जवळजवळ अर्ध्या स्वराने उतरलेलं असेल आणि पेटी घेऊन साथ करायला बसणाऱ्याला लगेच खटकेल. ४५ चा वेग मोजायला एक मिनिट पुरे.

कागदी स्ट्रोब तबकडी (वेग तपासायची रेघांची चकती) वापरणार असाल तर ती ५० हर्ट्झची आहे ना ते पाहा. ५० हर्ट्झच्या दिव्याचा प्रकाश सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो, म्हणून ३३⅓ साठी त्या तबकडीवर १८० रेघा असतात. ६० हर्ट्झवालीवर २१६. रेघा स्थिर दिसल्या तर वेग बरोबर, पुढे सरकल्या तर जास्त, मागे पडल्या तर कमी. मात्र अनेक एलईडी दिव्यांच्या उजेडात रेघा दिसतच नाहीत, कारण ते तसे लुकलुकत नाहीत. जुना पिवळा बल्ब शोधावा लागतो.

वेग चुकीचा निघाला तर? सिंक्रोनस मोटर असेल तर पट्टा, पुलीची सफाई आणि पुलीचा व्यास एवढंच पाहायचं, फिरवायला स्क्रू नसतो. परदेशातून आलेलं यंत्र असेल तर मावसभावाची गोष्ट आठवा. डीसी मोटर असेल, म्हणजे भिंतीतल्या ॲडॅप्टरवर ‘डीसी’ लिहिलेलं असेल, तर ५०-६० हर्ट्झचा प्रश्नच येत नाही. अशा काही मोटरींच्या बुडाला दोन बारीक भोकं असतात, आत वेगाचे स्क्रू. पेचकस घालून अगदी थोडंथोडं फिरवायचं, दर वेळी तीन मिनिटं मोजायची. ॲडॅप्टरवर ‘एसी’ लिहिलं असेल तर आत सिंक्रोनस मोटर असण्याची शक्यता जास्त.

कार्ट्रिज बसवणं

पिन, तिची दांडी आणि मागचा छोटा डबा मिळून कार्ट्रिज. स्वस्त स्वयंचलित प्लेअरांत ती कारखान्यातूनच पक्की बसवून येते. तुमची तशी असेल तर हा भाग सोडून पुढे जा.

बाकीच्यांनी खिडकीपाशी, भरपूर उजेडात बसावं. कार्ट्रिजच्या मागे धातूची चार टोकं आणि चार रंगांच्या वायरी असतात: पांढरी डाव्या बाजूच्या आवाजाची, निळी तिची ग्राउंड, लाल उजव्या बाजूची आणि हिरवी तिची ग्राउंड. चिमट्याने वायरीच्या टोकाची धातूची नळी धरायची, वायर धरून ओढायची नाही. या वायरी केसासारख्या असतात आणि तुटल्या की डाग देणाऱ्या माणसाला शोधत फिरावं लागतं. पिनेवरची टोपी शेवटपर्यंत काढू नका, सुटी निघणारी पिन असेल तर ती आधी काढून डबीत ठेवा.

आता कार्ट्रिज मागेपुढे किती सरकवायची? ध्वनिमुद्रण कोरणारी सुई सरळ रेषेत आत सरकत गेलेली असते, आपला आर्म मात्र एका टोकाला खिळलेला असल्यामुळे कमानीत फिरतो. त्यामुळे पिन तबकडीवर फक्त दोनच ठिकाणी खाचेला बरोबर समांतर राहू शकते. बेअरवाल्ड नावाने ओळखल्या जाणाऱ्या मांडणीत ही दोन ठिकाणं थाळीच्या मधल्या दांडीपासून ६६ आणि १२०.९ मिलिमीटरवर येतात. या मापांचा कागदी कोनमापक छापून मिळतो. छापताना ‘पानात मावेल असं’ हा पर्याय बंद करून १०० टक्क्यांनी छापा आणि कागदावरची रेघ पट्टीने मोजून खात्री करा. हे केलं नाही तर पुढची सगळी मेहनत वाया जाते.

कागद मधल्या दांडीवर अडकवा. पिनेचं टोक एका खुणेवर टेकवा आणि समोरून पाहा. डब्याच्या कडा नाही, पिनेची बारीक दांडी चौकटीच्या रेषांशी समांतर दिसली पाहिजे. मग दुसऱ्या खुणेवर पाहा. एका ठिकाणी जुळतं आणि दुसऱ्या ठिकाणी बिघडतं, हे होणारच. स्क्रू किंचित सैल ठेवून कार्ट्रिज अर्धा-अर्धा मिलिमीटर पुढेमागे करत राहायचं. पहिल्यांदा मला पाऊण तास लागला होता आणि मान अवघडली ती वेगळी. दोन्ही ठिकाणी जुळलं की स्क्रू आळीपाळीने थोडेथोडे आवळा, एकदम एकच आवळला तर सगळं पुन्हा सरकतं.

समोरून पाहताना आणखी एक गोष्ट बघा. तबकडीवर छोटा आरसा ठेवून त्यावर पिन टेकवली की खरी कार्ट्रिज आणि तिचं प्रतिबिंब एका सरळ रेषेत दिसलं पाहिजे. एका बाजूला कललेलं असेल तर डाव्या-उजव्या आवाजाची सरमिसळ होते.

वजन

नवखे सगळ्यात जास्त घाबरतात ते इथेच, पिनेचं तबकडीवर किती वजन पडावं ते ठरवताना, आणि इथलं काम सगळ्यात सोपं. अँटिस्केट (आर्मला बाहेरच्या बाजूला ओढणारी सोय, तिच्याबद्दल पुढे) शून्यावर करा. टोपी काढा. आर्म उचलायची दांडी खाली घ्या आणि एका हाताने आर्म धरून ठेवत मागचं वजन फिरवा, जोवर आर्म तराजूच्या दांडीसारखा आडवा तरंगत नाही. हे शून्य. आता आर्म त्याच्या खुंटीवर ठेवून वजन न हलवता फक्त त्याच्या पुढची आकड्यांची चकती फिरवून शून्य वरच्या रेघेवर आणा. मग वजन आणि चकती एकत्र फिरवा, पाहिजे त्या आकड्यापर्यंत.

आकडा कार्ट्रिजच्या कागदावर असतो. ऑर्टोफॉन २एम रेडला १.८ ग्रॅम, ऑडिओ-टेक्निका व्हीएम९५ईला २ ग्रॅम, अनेक स्वस्त प्लेअरांत येणाऱ्या एटी३६००एलला मात्र ३ ग्रॅमच्या आसपास. ‘कमी वजन म्हणजे तबकडी कमी झिजते’ ही समजूत सोडा. वजन कमी पडलं की पिन खाचेत नीट बसत नाही, उड्या मारते, भिंतींवर आपटते, आणि जास्त नुकसान तीच करते. दिलेल्या मर्यादेत थोडं वरच्या बाजूला राहिलेलं चांगलं.

चकतीवरच्या आकड्यांवर माझा फारसा विश्वास नाही. शंभरांश ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा घ्या. मात्र दोन गोष्टी सांभाळा. काट्याचा पृष्ठभाग तबकडीच्या पृष्ठभागाइतक्याच उंचीवर हवा, उंच असेल तर वजन थोडं वेगळं दिसतं. आणि साध्या काट्याचं पोलादी पातं कार्ट्रिजमधल्या चुंबकाला ओढतं, त्यामुळे आकडा खोटा येतो. पात्यावर प्लास्टिकची पट्टी आडवी चिकटवून तिचं टोक बाहेर काढा, काटा पुन्हा शून्यावर आणा आणि पिन त्या बाहेरच्या टोकावर टेकवा.

फिरत्या तबकडीवर आर्मला आत, मध्याकडे ओढ लागते. तिला उलट ओढ देणारी सोय म्हणजे अँटिस्केट. वजनाच्या आकड्याइतकाच आकडा ठेवा आणि विसरून जा.

आर्म बाजूने पाहिला तर तबकडीला समांतर दिसावा. मागचं टोक चढलेलं किंवा बसलेलं असेल आणि उंची बदलायची सोय नसेल, तर थाळीवरच्या चटईची जाडी बदलून फरक पाडता येतो.

वायरी

अशा कार्ट्रिजमधून येणारा आवाज फारच क्षीण, तीन ते पाच मिलिव्होल्ट. शिवाय तबकडी कोरताना खर्ज मुद्दाम कमी आणि वरचे सूर मुद्दाम जास्त केलेले असतात. हे प्रमाण १९५४ पासून आरआयएए या अमेरिकन ध्वनिमुद्रण संघटनेच्या नावाने ठरलेलं आहे. ते उलटं करून आवाज मोठा करणारा भाग म्हणजे फोनो प्रीॲम्प. तो ॲम्प्लिफायरमध्ये असेल, प्लेअरच्या पोटात असेल, नाहीतर सुटा डबा घ्यावा लागेल. तिन्हीपैकी एकच सुरू हवा. एकही नसेल तर आवाज दुरून, पातळ, तबल्याचा बायाँ गायब. दोन सुरू असतील तर आवाज फाटका आणि कर्कश. प्लेअरच्या मागे ‘फोनो/लाइन’ असं बटण असेल तर आधी ते पाहा. ‘नवीन प्लेअर खराब निघाला’ म्हणून आलेले निम्मे फोन त्या बटणापाशी संपतात.

७८ च्या तबकड्या

आजोबांच्या पेटीतून निघालेल्या जड, ठिसूळ, काळ्या तबकड्या लाखेपासून केलेल्या असतात, विनाइलच्या नाही. एलपी १९४८ साली आली तरी आपल्याकडे साठच्या दशकातही मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या या तबकड्या निघत होत्या, त्यामुळे मराठी घरांत त्या अजून सापडतात. दोन चुका टाळा. एक म्हणजे एलपीच्या पिनेने त्या वाजवू नका. त्यांची खाच रुंद असते, बारीक पिन तळाशी लोळते आणि तिथला सगळा कचरा वाजवते. ७८ साठी तिप्पट-चौपट जाड टोकाची वेगळी पिन मिळते, काही कार्ट्रिजवर ती नुसती सरकवून बदलता येते. दुसरी म्हणजे त्यांना अल्कोहोल लावू नका. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, फर्निचरच्या पॉलिशवाल्याला विचारा. डिस्टिल्ड पाणी आणि साबणाचा एक थेंब, मऊ ब्रश, लगेच कोरडं करणं, बस्स. फार जुन्या तबकड्या नेमक्या ७८ वर ध्वनिमुद्रित झालेल्या नाहीत, त्यामुळे पेटीशी सूर जुळला नाही तर लगेच प्लेअरला दोष देऊ नका.

निगा

पिन दर दोन-तीन बाजूंनंतर मऊ ब्रशने झाडायची, नेहमी मागून पुढे. उलट झाडली किंवा बोटाने पुसली की दांडी वाकलीच. चांगल्या पिनेचं आयुष्य टोकाच्या आकारानुसार ३०० ते १००० तास. रोज एक एलपी ऐकणाऱ्यासाठी साधी पिन एक-दोन वर्षांची सोबत. ‘स’ आणि ‘श’ फुटायला लागले की पिनेची शंका घ्या.

तबकडी वाजवण्याआधी फिरत्या थाळीवर कार्बनच्या धाग्यांचा ब्रश हलका टेकवून धूळ गोळा करा. खरी मळकी असेल तर धुवा. लिटरभर डिस्टिल्ड पाण्यात दोन-तीन थेंब सौम्य द्रव साबण, ब्रश खाचांच्या दिशेने गोल, नंतर नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने धुणं, मधलं लेबल भिजू न देता. नळाचं पाणी वाळलं की क्षार खाचेत राहतात. सुकवताना सावलीत उभी ठेवा, उन्हात दहा मिनिटांत तिचा पापड होतो.

कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर पावसाळ्यात बुरशी येणारच. पांढरट ठिपके तबकडीपेक्षा आतल्या कागदी पाकिटावर आधी दिसतात. तबकडी धुऊन जुन्याच पाकिटात घातली तर आठ दिवसांत पुन्हा तेच. पाकीट फेकून नवं घ्या. तबकड्या नेहमी उभ्या ठेवा, एकीवर एक रचून नाही, आणि कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा.

मधल्या दांडीच्या बेअरिंगला तेल लागतं, पण थोडं आणि क्वचित. काही प्लेअरांचं बेअरिंग कारखान्यातच तेल भरून येतं आणि ते उघडूच नये, माहितीपुस्तिका पाहा. उघडायचं असेल तर आतली थाळी हळूहळू वर उचला, तळाशी पोलादाची बारीक गोळी असते, ती हरवू नका. जुनं तेल पुसून पुस्तिकेत सांगितलेल्या तेलाचे दोन-तीन थेंब. काहीच सांगितलं नसेल तर शिवणयंत्राचं हलकं तेल चालतं. खोबरेल नको, थंडीत गोठतं. गंज सोडवणारे फवारेही नकोत, ते उडून जातात आणि बेअरिंग कोरडं पडतं.

तक्रारी आणि त्यांचा माग

सतत ‘हंऽऽ’ अशी गुणगुण येते तेव्हा प्लेअरच्या मागची बारीक ग्राउंड वायर ॲम्प्लिफायरच्या किंवा प्रीॲम्पच्या ग्राउंडच्या स्क्रूला लावली आहे का पाहा. लावूनही येत असेल तर प्रीॲम्प ट्रान्सफॉर्मरपासून हातभर लांब सरकवा. जुन्या इमारतींत तीन भोकांच्या सॉकेटला आत अर्थिंगच नसतं. ते वायरमनला तपासू द्या, ग्राउंडची वायर भिंतीच्या सॉकेटात खुपसायचे प्रयोग करू नका.

एका बाजूचा आवाज गेला तर ॲम्प्लिफायरच्या मागे लाल-पांढऱ्या वायरी आपसात बदला. मुकी बाजू बदलली तर दोष प्लेअरकडे, तीच राहिली तर ॲम्प्लिफायर किंवा स्पीकरकडे. प्लेअरकडे असेल तर हेडशेल, म्हणजे आर्मच्या टोकाचा कार्ट्रिज धरणारा भाग, काढा आणि त्याच्या चार पिवळ्या ठिपक्यांवर साधा खोडरबर हलका घासा. दमट हवेत तिथे काजळी धरते. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींपैकी ही सर्वांत समाधान देणारी आहे, कारण खोडरबर घासला की दुसरी बाजू झटकन बोलायला लागते आणि लोक आपल्याला जादूगार समजतात.

सूर लाटेसारखा वरखाली होत असेल तर घड्याळ घ्या. पेटी किंवा सनईच्या लांब सुरावर लक्ष ठेवा. लाट दर १.८ सेकंदाला येत असेल तर ती थाळीच्या एका फेरीची वेळ आहे, म्हणजे तबकडी वाकलेली किंवा तिचं मधलं भोक बाजूला पडलेलं. शेवटच्या रिकाम्या खाचेत पिन गेल्यावर आर्म डावी-उजवीकडे डोलताना दिसला तर भोकाचंच प्रकरण, प्लेअर निर्दोष. लाट त्याहून जलद असेल तर पट्टा किंवा पुली.

पिन एकाच जागी अडकते किंवा उड्या मारते तेव्हा दुसरी तबकडी लावून पाहा. तिथेही तेच होत असेल तर वजन मोजा, अँटिस्केट पाहा, आणि आर्म हाताने कडेपासून मध्यापर्यंत नेऊन कुठे अडतो का ते बघा. कधीकधी मागच्या वायरीच आर्मला ओढून धरतात. एकाच तबकडीवर एकाच ठिकाणी होत असेल तर भिंग घ्या, खाचेत अन्नाचा कण किंवा जुना गोंद सापडतो.

मोटर फिरते, थाळी फिरत नाही: पट्टा निसटला किंवा तुटला. मोटर नुसती गुणगुणते आणि सुरू होत नाही, किंवा जुन्या यंत्रात थाळी कधीतरी उलटी फिरायला लागते: मोटरचा कपॅसिटर गेला. थाळी उलटी फिरताना पाहून पोरं खूश होतात, पण हे काम २३० व्होल्टचं आहे. प्लग काढा आणि कारागिराकडे द्या. फक्त यंत्र न्या, कार्ट्रिज काढून घरी ठेवा. एका दुकानातून माझा प्लेअर परत आला तेव्हा मोटर छान चालत होती आणि पिनेची दांडी गायब होती.

घर बदलायची वेळ आली तर याच क्रमाने उलटं जायचं. टोपी लावून आर्म त्याच्या खुंटीला तारेने सैलसर बांधा, मागचं वजन काढून वेगळ्या पिशवीत, मोठी थाळी काढून वर्तमानपत्रात, पट्टा डबीत, स्प्रिंगवाल्याचे वाहतुकीचे स्क्रू आवळून. थाळी जागेवर ठेवून टेम्पोत चढवलेला प्लेअर दुसऱ्या घरी पोचतो, पण त्याचं बेअरिंग पोचत नाही.